नोकरी शोधताना प्रोफाइलला कुठला फोटो लावावा? (आणि खांद्यावरचा तो हात)

बाकी_शून्य

नमस्कार मंडळी. सतरा वर्षं एकाच ठिकाणी हिशेब सांभाळले आणि गेल्या महिन्यात आमचा अख्खा विभागच गुंडाळला. आता पुन्हा श्रीगणेशा. लिंक्डइनवर खातं होतं, पण फोटोच्या जागी तो करडा पुतळा. बायोडेटा एका दुपारी झाला, अनुभवाचं लिहून झालं, आणि फोटोवर येऊन चार दिवस अडकले आहे. हसू नका.

माझ्याकडे आहेत ते फोटो असे:

१. एका लग्नातला. चेहरा छान आलाय, पण शेजारी मावसबहीण होती. तिला कापली तरी तिचा हात माझ्या खांद्यावर राहतो. चार बोटं आणि एक अंगठी.
२. पासपोर्टचा. यात मी फरार आहे असं वाटतं.
३. गच्चीवर मुलीने काढलेला. गॉगल डोक्यावर, डोळे मिटलेले.
४. सेल्फी. यात मुख्यतः नाक आहे.

यातला कुठला चालेल? की नवीनच काढू? त्यासाठी स्टुडिओतच जायला हवं का?

रिकामा_तास

पहिला लावा. कुणी विचारलंच तर सांगा, कंपनीचा हात डोक्यावर नाही, निदान खांद्यावर तरी कुणाचा तरी आहे.

चाळणी

रिकामा_तास :D

ताई, मी अकरा वर्षं माणसं निवडायचं काम करते, म्हणून पलीकडून काय दिसतं ते सांगते. आम्ही शोध घेतला की नावांची लांबलचक यादी येते. त्यात तुमचा फोटो अंगठ्याच्या नखाएवढा असतो. नजर जाते नावावर, सध्याच्या पदावर, किती वर्षं कुठे होता त्यावर. फोटो बघून मी कुणाला घेतलेलं नाही. पण फोटोमुळे अडखळले आहे, आणि अनेकदा.

एकदा फोटोत पाच जण. त्यातले तुम्ही कोण, हे शोधायला माझ्याकडे वेळ नसतो. एकाने मावळत्या सूर्याकडे बघतानाची पाठ लावली होती. आणि एक गृहस्थ व्हिडिओ मुलाखतीला आले तेव्हा मला वाटलं, उमेदवाराचे वडील कॅमेरा लावून द्यायला बसलेत. फोटो निदान पंधरा वर्षं जुना असावा. माणूस चांगला होता, पण पहिली पाच मिनिटं मी मनातल्या मनात दोन चेहरे जुळवत होते आणि ते काय बोलले यातलं निम्मं हरवलं.

करडा पुतळा मात्र बदलाच. खोटी खाती इतकी झाली आहेत की चेहरा नसला की आधी शंका येते.

तुमच्या चारपैकी एकही नको. पहिल्यातला चेहरा कितीही छान असो, तो हात बघणाऱ्याला दिसतोच, आणि मग दुसरं काही दिसत नाही.

शटरवाली

सेल्फीतल्या नाकाबद्दल आधी बोलते, कारण त्या नाकाचा दोष नाही. फोन चेहऱ्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर धरला, तर नाक ३० वर असतं आणि कान ४२च्या आसपास. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कानाच्या मानाने नाक १.४ पट होतं. तोच फोन दीड मीटरवर ठेवा: नाक १५०, कान १६२. फरक जवळजवळ संपला. अमेरिकेत २०१८ साली प्लास्टिक सर्जरीवाल्यांनी याचं गणित मांडून प्रसिद्ध केलं होतं. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. लोक सेल्फी दाखवून नाक लहान करून मागायला लागले म्हणून त्यांना हे करावं लागलं!

स्टुडिओ आवश्यक नाही. (माझा धंदा बुडवतेय.) घरात मोठी खिडकी असेल तर असं करा:

थेट ऊन येत नसेल अशी वेळ निवडा, ढगाळ दिवस असेल तर सोन्याहून पिवळं. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसा. खिडकी अगदी नाकासमोर नको, जराशी एका बाजूला. खोलीतले सगळे दिवे बंद. हे लोक ऐकत नाहीत, पण बंदच करा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की एक गाल काविळीचा आणि दुसरा थंडीचा दिसतो. जी बाजू अंधारी पडेल तिकडे खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाका. डोळ्याखालची काळी सावली निम्म्याने उतरते. मागची भिंत तुमच्यापासून जितकी लांब तितकं बरं. भिंतीला टेकून बसलात की पासपोर्टचा फोटो पुन्हा हजर.

फोन कुणाच्या तरी हातात द्या, पाच-सहा फुटांवर, तुमच्या डोळ्यांच्या उंचीला. मागचा कॅमेरा वापरायचा. दोनपट जवळ आणणारी वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर साधाच काढून नंतर कापा. आणि सगळ्यात आधी लेन्स पुसा. निम्मे "धुरकट आलेत" म्हणणारे फोटो मी सुती रुमालाने दुरुस्त केले आहेत.

पोर्ट्रेट मोड जपून वापरा. मागचं धूसर करता करता तो केसांच्या बटा आणि चष्म्याची काडी खाऊन टाकतो.

चष्मा_पुसतो

लेन्स पुसण्याला +१. चष्मेवाल्यांसाठी काही?

शटरवाली

हनुवटी किंचित खाली, आणि चष्म्याच्या काड्या कानावर केसभर उचला म्हणजे काचा थोड्या खाली झुकतात. खिडकीची चौकोनी चमक डोळ्यांवरून सरकेपर्यंत मान थोडी थोडी वळवत राहा. रोज चष्मा लावत असाल तर फोटोसाठी काढू नका.

अर्धविराम

सगळे उजेड आणि सावल्या मोजताहेत, मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. हिशेब सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा बघायचाच कशाला? ताळेबंद बघा ना.

इस्राएलमध्ये रफल आणि श्टुडिनर या दोन संशोधकांनी २,६५६ जाहिरातींना एकूण ५,३१२ बायोडेटा पाठवले होते. दर जाहिरातीला दोन, बाकी सगळं सारखं, फक्त एकाला फोटो आणि एकाला नाही. देखण्या पुरुषांना सर्वांत जास्त बोलावणी आली. बायकांच्या बाबतीत उलटं: फोटो न लावणाऱ्यांना सर्वांत जास्त, आणि सुंदर बायकांना साध्या दिसणाऱ्यांपेक्षाही कमी. २०१५ साली छापून आलंय. आता सांगा, चादर कुठे टाकायची?

चाळणी

अर्धविराम, हा अभ्यास मला माहीत आहे आणि तो बरोबरच आहे. पण तो बायोडेटाला चिकटवलेल्या फोटोबद्दल आहे. ताई विचारताहेत प्रोफाइलबद्दल. माझं मत विचाराल तर बायोडेटावर फोटो नकोच, जाहिरातीत मुद्दाम मागितला असेल तेवढ्यापुरता अपवाद. अमेरिकेत तर समान रोजगार संधी आयोगच कंपन्यांना सांगतो की अर्जदाराकडे फोटो मागू नका. ओळख पटवायला हवाच असेल तर नोकरी देऊ केल्यावर आणि उमेदवाराने ती स्वीकारल्यावर घ्या.

प्रोफाइल म्हणजे अर्ज नव्हे. तिथे तुमचे जुने सहकारीही तुम्हाला शोधत असतात. एकाच नावाची चाळीस माणसं सापडतात आणि त्यातली आपली कोण, हे चेहऱ्यावरूनच कळतं. माझ्या बघण्यातल्या बऱ्याच नेमणुका अशा जुन्या ओळखीतून झाल्यात.

अर्धविराम

म्हणजे आमच्या चेहऱ्यावरून तुम्ही काहीही ठरवत नाही, असं म्हणायचंय?

चाळणी

तसं कसं म्हणू? ठरवतेच असणार. विलिस आणि टोडोरोव्ह यांचा प्रिन्स्टनचा २००६ सालचा प्रयोग आहे. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला तरी लोक तो विश्वासू की नाही, कामाचा की नाही हे ठरवून मोकळे होतात. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त स्वतःच्या मताबद्दलची खात्री वाढते. हे वाचल्यापासून मी पहिल्या चाळणीत फोटो झाकून यादी बघते. सगळे तसं करत नाहीत.

अर्धविराम

हे प्रांजळपणे सांगितलंत, आभार. तरीही मी पुतळाच ठेवणार.

जुनं_खोड

वय वर्षं ५६. माझा प्रश्न सरळ आहे. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आहे, केस काळे, त्यात मी चांगला दिसतो. आत्ताचा लावला तर पांढरे केस बघून कुणी फोनच करणार नाही अशी भीती आहे. चाळणीताई, तुमच्या त्या "वडिलां"च्या किश्शाने पोटात गोळा आला.

चाळणी

काका, माफ करा, तुम्हाला लागेल असं लिहायचं नव्हतं.

वयावरून डावलतात हे खोटं नाही. जुन्या फोटोने फार तर ते डावलणं पंधरा दिवस पुढे ढकललं जातं, व्हिडिओ मुलाखतीपर्यंत, आणि तिथे तुम्ही काहीतरी लपवलंत अशी शंका वर चिकटते. पांढरे केस राहू द्या. उजेड चांगला घ्या. फोटो असा हवा की उद्या सकाळी तुम्ही दारातून आत आलात तर समोरच्याला "हेच ते" असं वाटावं.

शटरवाली

खोडकाका, आम्ही फोटो साफ करताना एक साधा नियम पाळतो. जे पंधरा दिवसांनी चेहऱ्यावर नसेल ते काढायचं: पुळी, दाढी करताना लागलेलं, जागरण. जे पंधरा दिवसांनीही असेल ते ठेवायचं: तीळ, व्रण, सुरकुत्या. पांढऱ्या केसांना मागची भिंत गडद घ्या, फार उठून दिसतात. खरंच सांगतेय, समजूत काढत नाहीये.

बाकी_शून्य

मंडळी, काल प्रयोग झाला. खिडकी, चादर, दिवे बंद, सगळं तुम्ही सांगितलं तसं. नवऱ्याने ६३ फोटो काढले. त्यातल्या ४० मध्ये मी "आता हसू का?" असं विचारते आहे.

कपड्यांचाही घोटाळा झाला. बारीक चौकटीचा शर्ट घातला होता. आरशात झकास, पण फोटो लहान केला की चौकटी वळवळायला लागतात, जणू शर्टावर मुंग्या. मग एकरंगी गडद निळा घातला आणि पुन्हा सुरुवात.

खरी पंचाईत पुढेच आहे. मला १७ क्रमांकाचा आवडला. नवरा म्हणतो ४१. मुलगीही म्हणते ४१. मला ४१ मध्ये माझं तोंड वाकडं वाटतं. भांग उलट बाजूला गेल्यासारखा दिसतो. मी अशी दिसतच नाही.

चष्मा_पुसतो

ताई, तुम्ही अशाच दिसता. :) तुम्ही स्वतःला बघता ते आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं. बाकीचं जग तुम्हाला सुलट बघतं. १९७७ साली मिता, डर्मर आणि नाइट यांनी हे तपासलं होतं. लोकांना स्वतःची उलटलेली छबी आवडते आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना खरी. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं, एवढंच. १७ क्रमांकाचा तुम्ही पुढच्या कॅमेऱ्याने काढलाय का? काही फोन तो आरशासारखाच उलटा साठवतात.

आता दुसरी गोष्ट, ही तुमच्या कामाची. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या बारा फोटोंतून व्यावसायिक प्रोफाइलसाठी, डेटिंगसाठी वगैरे फोटो निवडायला सांगितले. मग त्याच बारांतून पूर्ण अनोळखी लोकांकडूनही निवडून घेतले. तिसऱ्याच लोकांना दाखवल्यावर अनोळखी लोकांनी निवडलेले फोटो जास्त चांगली छाप पाडणारे ठरले. स्वतःचा फोटो निवडण्यात आपण सगळेच कच्चे.

म्हणून घरच्यांनाही विचारू नका, ते तुमच्यावर प्रेम करतात. पाच-सहा फोटो बाजूला काढा आणि तुम्हाला जेमतेम ओळखणाऱ्या तिघा-चौघांना दाखवा. "कुठला छान?" असं विचारू नका. "यातल्या कुठल्या बाईकडे तुम्ही तुमचे हिशेब द्याल?" असं विचारा.

शटरवाली

शेवटचं वाक्य मी उचलतेय, गिऱ्हाइकांना विचारायला. चालेल ना?

आणि हसण्याबद्दल: "आता हसू का" म्हणून आणलेलं हसू फक्त ओठांवर येतं. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच हे लिहून ठेवलंय, तेही चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन तपासून. तेवढं करायची गरज नाही. फोटो काढणाऱ्याने बोलत राहायचं, तुम्ही उत्तर द्यायचं, आणि वाक्य संपलं की लगेच बटण. माझा अंदाज, ४१ असाच आला असणार.

रिकामा_तास

एवढे कष्ट कशाला? दोन सेल्फी एआयला द्या, कोट घालून, केस विंचरून, काचेच्या इमारतीसमोर उभं करून देतो. मी केलंय. दहा किलो कमीही करून मिळाले.

चाळणी

हे फोटो आता आम्हाला लांबून ओळखू येतात. त्वचा मेणाची, दात एका साच्यातले, कोटाची एक कॉलर दुसऱ्या जातीची. परवा एकाच दिवशी तीन उमेदवार त्याच काचेच्या इमारतीसमोर उभे होते. आणि तुमचे ते दहा किलो मुलाखतीत परत येतात, रिकामा_तास.

अर्धविराम

शिवाय ते यंत्र "व्यावसायिक" म्हणजे काय समजतं, तेही बघा. २०२३ मध्ये एमआयटीत शिकलेल्या आशियाई वंशाच्या एका तरुणीने स्वतःचा फोटो देऊन लिंक्डइनसाठी व्यावसायिक करून मागितला. यंत्राने तिला गोरी कातडी आणि निळे डोळे देऊन परत पाठवली. बातम्यांत आलं होतं. यासाठीच म्हणतो, पुतळा बरा.

रिकामा_तास

माझे डोळे अजून काळेच आहेत. पण कॉलर बघून आलो. खरंच दीड आहे. काढून टाकतो तो फोटो.

जुनं_खोड

आमच्या मुलाने माझा काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. मोबाइलवर बरा दिसतो, लॅपटॉपवर चढवला तर अंगावर चौकोनी ठिपके. असं का?

शटरवाली

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतो. मुलाला सांगा, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग मूळ फाइल येते. लिंक्डइनला निदान ४०० बाय ४०० पिक्सेलचा चौकोनी फोटो लागतो आणि फाइल ८ एमबीच्या आत हवी. त्यापेक्षा मोठ्या पिक्सेलची दिली तर उत्तम.

मात्र मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. घरात काढलाय, म्हणजे घराचा पत्ताच की. ती फाइल कुणाला ईमेलने पाठवणार असाल तर आधी फोनमध्येच ठिकाणाची माहिती काढून टाका.

आणि कापताना लक्षात ठेवा, तिथे फोटो गोल दिसतो. चारी कोपरे जातात. डोक्यावर थोडी जागा, खाली खांद्यांचा वरचा भाग, आणि चेहऱ्याने निम्म्याहून जास्त चौकट भरलेली. कापून झाला की फोन हातभर लांब धरून बघा. तेवढ्या आकारात डोळे दिसत असतील तर काम झालं.

बाकी_शून्य

चष्मा_पुसतो यांचं ऐकलं. जुन्या कार्यालयातल्या दुसऱ्या विभागाच्या एक बाई, मुलीच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील, आणि वाचनालयातले ग्रंथपाल. तिघांना सहा फोटो दाखवले आणि तोच प्रश्न विचारला. तिघांनीही ४१. १७ बद्दल ग्रंथपाल म्हणाले, "या बाई सवलत देणार नाहीत."

शटरवाली, तुमचा अंदाज बरोबर. ४१ च्या वेळी मुलगी मला नफा आणि रोख रक्कम यात फरक काय असं विचारत होती आणि मी सांगत होते.

४१ लावला. अजूनही तोंड वाकडं वाटतं, पण आता बघायचं सोडून दिलंय. एक शेवटचं विचारते: फोटोभोवती ती हिरवी पट्टी लावू का, काम शोधतेय असं सांगणारी?

चाळणी

यावर आमच्यातच दोन तट आहेत. काहींना ती अगतिकता वाटते. मला सोयीची वाटते, निदान फोन करताना "सध्या शोधताय का" हे विचारावं लागत नाही. तुमचा विभाग बंद झालाय, लपवण्यासारखं काही नाही. लावा. ज्यांची नोकरी चालू आहे त्यांनी मात्र फक्त नेमणूक करणाऱ्यांनाच दिसेल असा पर्याय घ्यावा. त्यात पट्टी येत नाही. तरी आपल्याच कंपनीला अजिबात कळणार नाही याची हमी लिंक्डइनही देत नाही.

जुनं_खोड

पांढऱ्या केसांसकट लावला. गडद भिंत नव्हती, पुस्तकांचं कपाट होतं, तेच घेतलं. सौ. म्हणाल्या, लग्नाच्या फोटोपेक्षा बरा आहे.

बाकी_शून्य

काका, अभिनंदन!

इकडची खबर: दोन जुन्या सहकाऱ्यांचे निरोप आले, त्यातल्या एकीकडे जागा आहे, पुढच्या आठवड्यात बोलणं आहे. आणि मावसबहिणीचा फोन आला. तिलाही फोटो बदलायचाय म्हणे. तिच्याकडे तोच लग्नातला आहे, फक्त मला कापलं की तिच्या बाजूला माझा अर्धा कान आणि एक झुमका उरतो.

शटरवाली

पाठवा तिला खिडकीपाशी. लेन्स पुसायला सांगा.